आवाजाप्रमाणे लावलेली मासिकं

काशिनाथ उबाळे यांच्या हातात कुठलंही मासिक आलं तरी ते उघडत नाहीत. दोन्ही हातांनी समोर धरतात, हात लांब करतात, डोळे बारीक करतात आणि जो कोणी जवळ असेल त्याला विचारतात, "आवाज येतोय का?"

बहुतेक वेळा जवळ मी असते. कधी दूधवाला असतो. एकदा वीजमीटर बघायला आलेला माणूस होता. त्याने बिचाऱ्याने मीटरला कान लावला आणि "नाय, बरोबर चाललाय," असं सांगून निघून गेला.

ईशान, नेहा, तुम्ही मागच्या रविवारी फोनवर विचारलंत, "आजी, आम्ही पाठवलेली मासिकं तू वाचतेस की नुसती लावून ठेवतेस?" मी म्हटलं, लिहून कळवते. कारण खरं उत्तर असं आहे, की ती मी लावूनही ठेवत नाही. ती काशिनाथराव लावतात, आणि त्यांची पद्धत फोनवर सांगितली असती तर तुम्ही तुमच्या बाबाला सांगून माझी डॉक्टरकडे वेळ ठरवली असती.

सुरुवातीपासून सांगते. मी तुमच्याकडे "इंग्रजी वाचायला काहीतरी" मागितलं होतं. माझ्या मनात शब्दकोडी होती, फार तर गोष्टींची मासिकं. ईशान गिटार वाजवतो, म्हणून त्याने जुन्या वस्तूंच्या दुकानातून संगीताची मासिकं गोळा करून गठ्ठाच पाठवला. त्यातल्या निम्म्या गायकांची नावं मी कधी ऐकली नव्हती आणि उरलेल्यांचे केस बघून ऐकावीशी वाटली नाहीत. तरी आलेल्या कागदाचा मान ठेवायचा म्हणून मी ती वर्षाप्रमाणे, वर्षात महिन्याप्रमाणे लावली आणि पडवीतल्या काचेच्या कपाटात ठेवली. मुरबाडच्या शाळेत इतकी वर्षं इंग्रजी शिकवलं, पण मुलांना खरं शिकवलं असेल तर ते वस्तू जागच्या जागी ठेवायला.

काशिनाथराव माझ्या दाराची बेल दुरुस्त करायला आले होते. त्यांचा पूर्वी साउंड सर्व्हिसचा धंदा. लग्न, बारसं, जयंती, क्रिकेटचे सामने, तालुक्यात कुठेही कर्णे बांधायचे असले की उबाळेंना बोलवायचे. आता तो धंदा पुतण्याकडे दिलाय आणि स्वतः बेली, मिक्सर, पंखे असं किरकोळ बघतात. ते स्टुलावर चढले, बेलचं झाकण काढलं, आणि स्टुलावरून त्यांना कपाट दिसलं.

बेल पुढे बरेच दिवस उघडीच होती. येणारे लोक दोन तारा एकमेकींना टेकवून मला बोलवायचे.

"बाई, ही कव्हरं कुणाची?"

"नातवाने पाठवलीत. मासिकं आहेत."

"मासिकं असतील. मी कव्हरांचं विचारतोय."

तेव्हा मला कळलं, की काशिनाथराव स्वतःही एक मासिक काढतात. मासिक म्हणजे वर्षातून एकदा निघणारा अंक. त्यांच्या गावात, सिद्धगडाच्या बाजूला, बुद्धविहारात बसणारी एक जुनी गायन पार्टी आहे. अंकाचं नाव 'गावगाणं'. आत गाण्यांचे शब्द, कुठे कार्यक्रम झाला, कोणाची पेटी कुठे बिघडली, कोणाच्या मुलाला नोकरी लागली. काशिनाथराव त्याचे संपादक आणि शहापूरच्या छापखान्यात खेपा घालणारे गृहस्थही तेच. आतला मजकूर कोणीही लिहावा, पण मुखपृष्ठ त्यांचं. आणि मुखपृष्ठ त्यांना अजून एकदाही मनासारखं जमलेलं नव्हतं.

ते रोज यायला लागले. माझ्या पडवीत कपडे वाळत घालायची दोरी आहे. तिच्यावर चिमटे लावून ते मासिकं टांगायचे आणि अंगणाच्या टोकाला चिंचेखाली जाऊन बघत उभे राहायचे. मग एकेक उलटं टांगायचे, डोकं खाली, पाय वर, आणि पुन्हा चिंचेखाली. शेजारच्या नलूताईंनी कुंपणावरून विचारलं, "काय वो, रद्दी सुकवता काय?" काशिनाथराव गंभीरपणे म्हणाले, "ऐकतोय."

"उलटं का करता?" मी विचारलं.

"सरळ असलं की माणूस नाव वाचायला लागतो. वाचायला लागला की ऐकायचं बंद."

त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, आणि मी एकदा वाचून दाखवायला लागले तर त्यांनी हात जोडले. "नको बाई. हा कोण ते कळलं तर मी त्याचं कायतरी मनाशी धरून बसेन." एका मुखपृष्ठावर जीभ बाहेर काढलेला, तोंडाला रंग फासलेला गायक होता. तो घशाच्या औषधाच्या जाहिरातीतला माणूस आहे असं त्यांचं ठाम मत होतं, आणि ते मी आजतागायत बदलू शकलेले नाही.

पण बाकीचं त्यांनी जे शोधून काढलं ते ऐकून मी चहा गार होऊ दिला.

एक दिवस ते म्हणाले, "बाई, यातलं एक तरी गाणाऱ्याचं तोंड उघडं दाखवा." मी दोरीकडे पाहिलं. मग कपाटातली बाकीचीही काढून बघितली. एवढे सगळे गायक, आणि जवळजवळ सगळ्यांची तोंडं मिटलेली. काहींचे ओठ नुसते विलग झालेले. मी ती मासिकं पुसली होती, क्रमाने लावली होती, पण हे माझ्या डोळ्यांसमोर असून मला दिसलं नव्हतं.

"तोंड उघडलं की गाणं झालं," काशिनाथराव म्हणाले. "मग बघणाऱ्याला काय उरलं? हे लोक आधी थांबलेत. आता गाईल, आता गाईल, असं वाटतं ना? तो आवाज आपल्या कानात येतो. त्याच्या तोंडातून नाय."

दुसरी गोष्ट डोळ्यांची. जे गायक वाचकाकडे रोखून बघतात ते काहीतरी मागतात, आणि जे भलतीकडे बघतात ते गातात, असं त्यांचं म्हणणं. मी मुद्दाम चुकीचं ठरवायला बसले आणि मला जमलं नाही. तिसरी मोकळ्या जागेची. ज्या मुखपृष्ठावर बाजूला भरपूर रिकामं सोडलेलं असतं, ते लांबून आधी ऐकू येतं. "ठेका पडायच्या आधी जागा लागते. जीपमध्ये कोंबतात तसं कोंबलं तर हात उचलता येईल का?"

आणि चौथी गोष्ट, डोकं नावावर चढवायची. मोठ्या मासिकांवर गायकाचं डोकं मासिकाच्या नावावर येतं, मधली दोन-चार अक्षरं झाकली जातात, तरी कोणाचं अडत नाही. काशिनाथरावांना हे फार आवडलं. ही मासिकं बघण्याआधीच मागच्या साली त्यांनीही ते करून पाहिलं होतं. पार्टीचे अध्यक्ष आत्मारामभाऊ यांचं डोकं अंगाच्या मानानेही मोठं आहे. ते 'गाणं' या अक्षरांवर असं बसलं, की अंकावर नुसतं 'गाव' उरलं आणि खाली आत्मारामभाऊ. लोकांना वाटलं ग्रामपंचायतीचा अहवाल आहे. दोघा जणांनी वाचून पाण्याच्या टाकीबद्दल तक्रारही केली.

असं होता होता माझं कपाट त्यांनी हलवलं. मी एका दुपारी झोपून उठले तर जानेवारीच्या शेजारी ऑक्टोबर, आणि त्याच्या शेजारी भलत्याच वर्षाचा मे.

"हे काय केलंत?"

"लावली. खालच्या फळीवर हळू आवाजाची. मधे मधली. वर ओरडणारी. आता तुमाला पायजे ते सापडेल."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मुद्दाम तपासायला खालच्या फळीवरचं एक काढलं. एक बाई खिडकीशी बसलेली, निळसर उजेड, गिटार मांडीवर आडवं. वरच्या फळीवरचं काढलं तर लाल भडक. मी ते परत ठेवलं. वरच्याच फळीवर ठेवलं.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. काशिनाथराव रोज संध्याकाळी जाताना एक-दोन मासिकं पिशवीत घालायचे. "घरी दाखवून आणतो." दुसऱ्या दिवशी आणून देताना निकाल सांगायचे. "हे सुमनने पास केलं." "हे नापास." "याच्यावर सुमन म्हणते, हा बोलतो बरा, गात नसणार." सुमन म्हणजे त्यांची बायको. मी तिला पाहिलेलं नव्हतं. माझ्या मनात एक जाडजूड, कमरेवर हात ठेवलेली, नवऱ्याला धाकात ठेवणारी बाई तयार झाली होती. मुखपृष्ठाचे नमुने ते स्वतः करायचे, जुने फोटो कात्रीने कापून, पुठ्ठ्यावर चिकटवून. त्या प्रत्येक नमुन्याबद्दल एकच बातमी यायची.

"काय झालं काशिनाथराव?"

"नाय येत म्हणते."

"काय नाही येत?"

"आवाज."

ते मोबाईलवर का करत नाहीत असं पुतण्याने विचारलं, तर म्हणाले, "मोबाईलचं चित्र बोटाने सरकतं. ती हातात धरून बघते."

यंदा पार्टीला पन्नास वर्षं होतायत. मुरबाडला मोठा कार्यक्रम, आणि त्यात 'गावगाणं'चा खास अंक. कार्यकारिणीची सभा झाली आणि काशिनाथराव माझ्याकडे आले ते बसलेच नाहीत. पडवीत येरझाऱ्या घालत राहिले.

"सगळ्यांची तोंडं पायजेत म्हणतात. बॅनरवर असतात तशी. गोल गोल. वर अध्यक्ष मोठे, खाली बाकीचे बारीक. मागे सूर्याचे किरण."

तुम्ही इकडे आलात तेव्हा नाक्यावरचे बॅनर पाहिलेत ना? वाढदिवस कोणाचा ते शोधावं लागतं, इतके चेहरे असतात. इथे तोच रिवाज आहे. ज्याचं तोंड वगळलं तो वर्षभर बोलत नाही.

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, कव्हरवर एकच तोंड. तर विचारतात, कुणाचं? मी उठून आलो. परवा शहापूरला कव्हर द्यायचंय. नाय दिलं तर अध्यक्षांनी करून ठेवलेलं जाईल. बाई, उद्या तुमी घरी चला. अध्यक्षही येणार आहेत. तुमी असल्या की ते जरा हळू बोलतात. तुमच्या वर्गात होते ते."

आत्माराम माझ्या वर्गात होता हे खरं आहे. हळू तो तेव्हाही बोलत नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही जीपने निघालो. काशिनाथरावांच्या मांडीवर पुठ्ठ्यांची पिशवी. वाटेत राहवलं नाही म्हणून त्यांनी एक पुठ्ठा काढला आणि समोर करवंदांची पाटी घेऊन बसलेल्या म्हातारीपुढे धरला. "आजी, आवाज येतोय का?"

म्हातारीने नीट बघितलं. "येतो ना. तुज्या गाडीचा."

सगळी जीप हसली. काशिनाथराव हसले नाहीत. त्यांनी तो पुठ्ठा पिशवीत सगळ्यात खाली घातला.

घर नीटनेटकं होतं, ते मला लगेच आवडलं. ओटीवर एक लहानखुरी बाई शेंगा सोलत बसली होती. मी नमस्कार केला, नाव सांगितलं. तिने वर पाहिलं नाही. काशिनाथराव पुढे होऊन तिच्या समोर उकिडवे बसले, तिच्या गुडघ्याला हात लावला, तिने मान वर केल्यावर तोंडाची सावकाश हालचाल करून म्हणाले, "बाई. कव्हरवाल्या."

ती हसली, आणि फार मोठ्याने, शेताच्या बांधावरून हाक मारावी तशी म्हणाली, "या बाय, बसा. तुमची सगली मासिकं बघलीत मी."

मी बसले.

काशिनाथरावांनी मग माझ्याकडे न बघता सांगितलं. काही वर्षांपूर्वी तिचं ऐकू येणं कमी होत गेलं आणि मग गेलंच. कल्याणला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, वय असेल, दुसरंही काही असेल. मशीन आणलं, पण त्यातून ताटवाट्यांचा आवाज येतो, गाणं येत नाही. ते नुसतं खरखरतं. "गाण्याची फार आवड तिला. पार्टीच्या मागे बसून गायची. नंतर मी कर्ण्याचं काम घेतलं तर माझ्याबरोबर यायची. मी तिला जागा धरून द्यायचो. स्पीकरच्या बॉक्सच्या बाजूलाच. सगळ्यात चांगलं तिथून ऐकू येतं म्हणून." एवढं बोलून ते उठले आणि पाणी आणायला आत गेले.

तिचं ऐकणं गेलं त्याच वर्षी त्यांनी ते मोठे बॉक्स विकले होते, हे मला पुतण्याकडून नंतर कळलं.

तेवढ्यात आत्मारामभाऊ आले. मला पाहून त्यांनी चप्पल बाहेर काढून सरळ लावली. मग पिशवीतून त्यांचं मुखपृष्ठ काढलं. चकचकीत, रंगीत, फ्लेक्सच्या दुकानात केलेलं. वर गॉगल लावलेले अध्यक्ष, खाली गोलांमध्ये सगळी पार्टी, मागे किरण.

"वहिनीला दाखव," काशिनाथराव म्हणाले. "ती म्हणेल ते."

"वहिनीला यातलं..." आत्माराम म्हणाला, माझ्याकडे बघितलं आणि वाक्य गिळलं.

सुमनताईंनी हात पदराला पुसले. ते मुखपृष्ठ दोन्ही हातांत धरलं, क्षणभर बघितलं, मांडीवर ठेवलं आणि दोन्ही तळवे कानांवर दाबले.

"सगले एकदम बोलतात वो," त्या ओरडून म्हणाल्या. "कोनाचंच कलत नाय."

मला हसू आवरेना. आत्मारामने मात्र पुढे सरकून, स्वतःच्या फोटोवर बोट ठेवून, हळूच विचारलं, "माझा तरी येतो का?"

सुमनताईंनी त्याचे ओठ वाचले. "तुमचाच येतो. म्हनून तर बाकीच्यांचा येत नाय."

मग काशिनाथरावांचे पुठ्ठे निघाले. पेटीचा फोटो. सुमनताईंनी मान हलवली. गाणाऱ्या मुलींचा फोटो. बराच वेळ बघून पुन्हा मान हलवली. आत्मारामने माझ्याकडे असं पाहिलं, जणू आता त्याचंच मुखपृष्ठ जाणार. काशिनाथरावांनी पिशवीत हात घातला आणि थांबले. सगळ्यात खालचा पुठ्ठा उरला होता, म्हातारीने जीपमध्ये हसण्यावारी नेलेला. त्यांनी तो काढून तिच्या हातात दिला.

त्यावर पार्टीचा ढोलकीवाला गौतम होता. तालमीत काढलेला फोटो. मान खाली, नजर ढोलकीवर नाही, बाजूला कुठेतरी, ओठ मिटलेले. डावा हात ढोलकीवर आणि उजवा हात वर, हवेत उचललेला. त्या हाताने 'गावगाणं'मधलं एक अक्षर झाकलं होतं. बाकी सगळं पान रिकामं.

सुमनताईंनी तो पुठ्ठा धरला. हात लांब केले. डोळे बारीक केले. म्हणजे ही सवय मुळात कोणाची होती ते मला तेव्हा कळलं.

मग त्यांनी पुठ्ठा खाली ठेवला आणि त्यांचा उजवा तळवा ओटीच्या फरशीवर पडला. एकदा. थोडं थांबून पुन्हा. मग डाव्या हाताची बोटं लागली, आणि ठेका सुरू झाला. शेंगांची सालं टोपलीत हलत होती. मी संगीतातली नाही, पण वर्गात बाकांवर बोटं वाजवणारी मुलं आयुष्यभर ऐकलीत. हा ठेका चुकत नव्हता. आणि मग त्या गायला लागल्या. पार्टीचं कुठलंसं जुनं गाणं असावं, आत्मारामचे ओठ आपोआप हलायला लागले होते. सूर भलतीकडे जात होता, आवाज कधी फार चढत होता, कधी विरत होता, कारण तो त्यांना स्वतःला कुठे ऐकू येत होता? पण शब्द एकही चुकला नाही.

काशिनाथराव उंबऱ्यावर बसले होते. ज्यांनी दूधवाल्याला विचारलं, मीटरवाल्याला विचारलं, करवंदवालीला विचारलं, त्यांनी तेव्हा काहीच विचारलं नाही. गाणं संपेपर्यंत ते तिच्या हाताकडे बघत राहिले. संपल्यावर उठले, पुठ्ठा उचलला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पिशवीत घातला.

आत्मारामने आपलं मुखपृष्ठ गुंडाळलं. "मागच्या पानावर टाकू हे," तो म्हणाला. "मागचं पान कोण ऐकतंय." माझ्या वर्गात तो कधी इतकं बरोबर बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी काशिनाथराव किन्हवलीवरून शहापूरला जाऊन मुखपृष्ठ देऊन आले. अंक छापून झाला. एक प्रत तुम्हाला पाठवतेय. आधी उघडू नका. दोरीला चिमट्याने लावा, तुमच्याकडे दोरी नसली तर पडद्याला लावा, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहा.

माझी बेल आता दुरुस्त झाली आहे. कपाटही जागेवर आहे, खाली हळू आवाजाची, वर ओरडणारी, आणि मी ते बदलायचा विचार सोडून दिला आहे. फक्त खालची फळी सध्या रिकामी असते. त्यावरची मासिकं पिशवीतून सुमनताईंकडे जातात आणि लवकर परत येत नाहीत. तेव्हा ईशान, पुढचा गठ्ठा बांधशील तेव्हा लाल भडक थोडी कमी घाल. खिडकीशी बसलेल्या, अजून न गायलेल्या बायकांची घाल. त्या सुमनताईंना चांगल्या ऐकू येतात.